पोनच्या आधीचे सात दिवस

वातुलुम्पांग
मंगळवार पाहिंग, ३ जून २००८

प्रिय मुर,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, यू दिराचा, तुला, तुझ्या माणसाला आणि वुलानला सलाम.

पार्सल पोचलं. काय काय आलं ते लिहिते, म्हणजे वाटेत काही गळालं असेल तर तुला समजेल. कॉफीची पूड एक किलो. केळ्याचे वेफर्स दोन पाकिटं, त्यातलं एक फुटलेलं, पण चुरा खाण्याजोगा आहे. पांढरं कापड तीन मीटर. आणि वेगळ्या मनीऑर्डरने आईच्या हजाराव्या दिवसाच्या दुवेसाठी दीड लाख रुपिया. सोडवून आणायला बसचे जाऊन-येऊन आठ हजार गेले (डिझेल वाढल्यापासून कंडक्टर म्हाताऱ्यांनाही सूट देत नाही) आणि पोस्टात दोन हजार. चहा प्याले नाही, घरून पाणी नेलं होतं.

चिठ्ठी मात्र बोटभर. 'हे आईच्या हजाराव्याला घाल. मी येणार नाही. कॉफीतली थोडी दवाखान्यात कांगला पोचव. औषधांनी त्याच्या तोंडाची चव गेली असेल.' दोन वर्षांत तुझ्या हातचं हे पहिलं अक्षर. फोन तू माझा नंबर बघून ठेवून देतेस. म्हणून पत्र लिहिते. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस निदान पहिली ओळ वाचतो.

कॉफीचा डबा उघडला आणि मला पाहिंगचा बाजार आठवला. बाबा कावडीत मडकी घेऊन पुढे, आई मागे, मी आईच्या पदराला, आणि तू आपल्या थोरल्या भावाच्या, कांगच्या खांद्यावर. पहाटेची सागाची पानं ओली असायची. तू वरून विचारायचीस, "कांग, आता किती राहिलं?" तो म्हणायचा, "दोन गाणी राहिली." किलोमीटर त्याने तुला कधी सांगितलेच नाहीत, गाण्यांतच मोजायचा. बाजारात पोचल्यावर बाबा एक कप कॉफी घ्यायचे आणि बशीत ओतून आपल्या तिघांना एकेक घोट द्यायचे. कांग आपला घोट तुला द्यायचा आणि म्हणायचा, "मला कडू आवडत नाही." खोटं बोलायचा. त्याला कडूच आवडायचं.

दिवस मोजायलाही त्यानेच शिकवलं आपल्याला. डाव्या हाताच्या पेरांवर सात वार, उजव्या हाताच्या बोटांवर लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन असे पाच बाजार. दोन्ही हात एकदम पुढे सरकवायचे. तोच वार आणि तोच बाजार पुन्हा जुळला की पस्तीस दिवस, एक सलापान झालं. त्याचा जन्म गुरुवार पोनचा, म्हणून तर नाव पोनिरान. मी पुढे मॅट्रिक झाले, हिशेब लिहायला लागले, पण सलापान अजून बोटांवरच मोजते.

आई गेली ती ईदच्या दिवशी, गुरुवार वागे. तिचा हजारावा येतो मंगळवार पोन, २९ जुलैला. कबरीवर दगड बसवायचा आहे. तांदळाचे आपेम मी करीन, यासीनची सूरा वाचायला मशिदीतले बाराजण येतील.

कांग दवाखान्यात नाही. घरी आहे. बरा आहे. कॉफी त्याला दिली, अर्धा कपच, नर्सबाईंनी तेवढीच सांगितली आहे. बशीत ओतून प्याला.

एवढंच लिहिते. कागद संपला नाही, पण आज इथेच थांबते.

तुझी यू,
ङादिरा


मंगळवार लेगी, १७ जून २००८

प्रिय मुर,

तुझं अर्धं पान पोचलं. 'दवाखान्यातून कधी सोडलं? सही कुणी केली? मला का कळवलं नाही?' तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच आहे. आज नमाज झाल्यावर चटई न गुंडाळता तिच्यावरच बसून लिहिते आहे, म्हणजे वाकडं काही लिहिलं जाणार नाही.

तो दवाखान्यात कधी नव्हताच.

तू वुलानला घेऊन लाम्पुंगला गेलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तुला फोनवर सांगितलं, की त्याला शहरात भरती केलं. त्या वेळी तो आमच्या बकऱ्यांच्या गोठ्यात होता. पायात खोडा घालून. २००६ च्या ऑगस्टपासून २००७ च्या ऑक्टोबरपर्यंत, चौदा महिने.

कुणी घातला, असं तू विचारशील. पाड्याच्या प्रमुखाने बैठक घेतली, लोक म्हणाले आज स्वतःच्या भाचीला नेलं, उद्या आमच्या पोरांना नेईल. आमचे हे म्हणाले, "दिरा, बांधला नाही तर लोक मारतील त्याला." ते खरंच होतं. पण लाकूड शोधत होते तेव्हा लाकूड मी दाखवलं. स्वयंपाकघर नवं केलं तेव्हा काढून ठेवलेला फणसाचा खांब. ज्याच्यावर बाबा दर ईदेला आपल्या तिघांची उंची कोयत्याने कोरायचे, तोच. दुसरं लाकूड विकत आणावं लागलं असतं. हा विचार मी केला, मुर. माझ्या मनात तेव्हा तोच विचार आला, हे मी अल्लाहपासून लपवू शकत नाही, मग तुझ्यापासून काय लपवू.

खांब उभा चिरला, पायापुरतं भोक पाडलं, वर पाचर ठोकली. कांगने विरोध केला नाही. भोकात पाय त्याने स्वतः घातला. मग खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "ही मुरची खूण. पाच वर्षांची होती." मी घरात निघून गेले.

मी रोज दोन वेळा ताट नेत होते. तिवूल, तेंपे, कधी अंडं. रोज वाटायचं की मुरला कळलं तो बांधलेला आहे, तर ती निर्धास्त परत येईल. आणि मुरला कळलं तो बांधलेला आहे, तर ती माझं तोंड बघणार नाही. दोन्ही खरं वाटायचं, म्हणून दवाखाना सांगितला.

मागच्या वर्षी आरोग्य केंद्रात नव्या नर्सबाई आल्या, बू कुस्तिया. बुटक्या, चष्मा, मोटारसायकलवर फिरतात. घराघरांत बांधलेल्या माणसांची यादी करत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे कुणी नाही. त्या म्हणाल्या, "बरं. मग घरात दोघं असताना तिसरं ताट कुणासाठी धुतलंत? बकऱ्यांसाठी?" ओट्यावरची ताटं त्यांनी मोजली होती. हिशेब ठेवणाऱ्या बाईला दुसरी हिशेब ठेवणारी भेटली.

मला वाटलं ओरडतील, पोलिसांना बोलावतील. त्या गोठ्यात गेल्या, कांगसमोर उकिडव्या बसल्या आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं. "पाक पोनिरान, मी कुस्तिया. पाय बघू का?" चौदा महिन्यांत त्याला कुणी विचारून हात लावला नव्हता. मीसुद्धा.

लगेच सोडला नाही. आधी शहरातल्या डॉक्टरांना आणलं, गोळ्या-सुई पुन्हा सुरू केली, आम्हा दोघांना तीन वेळा बसवून समजावलं, शेजाऱ्यांना बोलावून त्यांची भीती ऐकून घेतली. मशिदीतल्या किआइंनाही आणलं. किआई म्हणाले, "दुवा मी करतो, सुई तुम्ही द्या. दोन्ही अल्लाहच्याच दारातून येतात." मग बाविसाव्या दिवशी आमच्या ह्यांनीच पाचर काढली. पाय काटकीसारखा झाला होता. मी तेल लावायचे आणि तो छताकडे बघायचा. मशिदीपर्यंत बांबूच्या आधाराने जायला त्याला अडीच महिने लागले.

तुझी चिठ्ठी त्याला वाचून दाखवली. दवाखान्यातल्या कांगला कॉफी पोचव, हे ऐकून त्याने गोठ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "यू, दवाखाना चांगला होता. डॉक्टर सगळे दाढीवाले. फक्त सुई द्यायचे नाहीत, माझी चटई खायचे." हसला. लहानपणी मी त्याच्याहून मोठी असल्यासारखं मला 'यू' म्हणून चिडवायचा, आठवतं? तसंच म्हणाला. मला हसता आलं नाही.

आता मला हवं ते बोल. फक्त त्याच्यावर राग काढू नकोस.

तुझी यू


मंगळवार क्लिवोन, १ जुलै २००८

प्रिय मुर,

तू शिव्या देशील असं वाटलं होतं. तू लिहिलंस, 'यू, खोटं बोललीस ते नंतर बघू. मला एक सांग. तेव्हाही त्याला सुई चालू होती. सुई चालू असताना त्याने माझ्या लेकीला नेलं आणि दोन रात्री मी जिवंत नव्हते. मग आता त्याच सुईवर मी वुलानला त्याच्यासमोर कशी आणू? या वेळी वेगळं काय आहे?'

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि दोन पत्रं मी ते टाळलं.

आई होती तोवर दर चार आठवड्यांनी ती कांगला घेऊन सुईसाठी बसने शहरातल्या केंद्रात जायची. आई गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. त्याच्या कार्डावर लिहिलेलं होतं, दर चार आठवड्यांनी. मला वाचता येतं. पण दोघांचे बसचे बारा हजार. आणि आपल्या पाड्यावर प्रमुखाच्या ओसरीत बाळांचं वजन करायला केंद्राचा माणूस यायचा, दर सलापानला, गुरुवार पोनलाच. त्याला सांगितलं तर तो सुई पिशवीतून आणायचा. फुकट, दारात, आणि नेमका कांगच्या जन्मदिवशी. मला वाटलं अल्लाहनेच सोय केली. चार आठवडे काय आणि सलापान काय, महिना तो महिनाच. वहीत लिहिलं, 'बसभाडं वाचलं, बारा हजार.' असं आठ वेळा लिहिलं आहे.

चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस. सलापान पस्तीस. सात दिवस, मुर. प्रत्येक वेळी त्याच्या अंगातली सुई संपायची आणि सात दिवस तो तसाच असायचा.

लोक म्हणायचे, पोन जवळ आला की त्याच्या जन्मदिवसाचा भार चढतो. मीही म्हणायचे. त्या आठवड्यात पोन जवळ आला म्हणून दारात फुलं ठेवायचे, अगरबत्ती लावायचे. आणि त्याला मात्र त्या सात दिवसांत गेलेले बाबा हाका मारायचे.

वुलानला नेलं तो मंगळवार होता, २२ ऑगस्ट, लेगी. दुसऱ्या दिवशी पाहिंग. गुरुवारी पोन, तेव्हा त्याला सुई मिळणार होती. पण ती द्यायची होती सतराला. सतराला आपण सगळे शाळेत झेंड्याला होतो, वुलान पोत्याच्या शर्यतीत पडली आणि कांगने तिला उचलून घेतलं, तू हसत होतीस. त्या दिवशी सुई दिली असती तर.

तो तिला कुठे नेत होता हे तू तेव्हा विचारलं नाहीस, आणि कुणी सांगण्याच्या स्थितीत नव्हतं. पाहिंगच्या बाजाराला. बाबा म्हणाले मडकी लावली आहेत, धाकटीला घेऊन ये. बाजार मोडून पंधरा वर्षं झाली, तिथे आता सागाची लागवड आहे. गुरुवारी सकाळी सापडले तेव्हा वुलान त्याच्या लुंगीत गुंडाळून झोपलेली होती, तिच्या पायाला चिखलाचा ठिपका नव्हता, त्याचे तळवे फाटले होते. तुला ते दिसलं नाही, आणि दिसायला हवं होतं असं मी म्हणत नाही. आई म्हणून तू केलंस ते बरोबर केलंस. त्याने तिला लहानपणची मुर समजून धरलं होतं, आणि मुर तर गावाच्या दुसऱ्या टोकाला रडत होती.

हे सगळं मला कळलं कसं, तर वहीमुळे. बू कुस्तिया म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं ते नंतर सांगा. आधी तुम्ही काय लिहिलंय ते दाखवा." मी घरखर्चाची वही आणली. डाव्या पानावर तेल, मीठ, केरोसीन; उजव्या पानावर मी सवयीने लिहायचे, कांग झोपला, कांग झोपला नाही, जेवला, ताट फेकलं, एकटा बोलला. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून जमिनीवर पसरलं आणि म्हणाल्या, मक्याचे दाणे आणा. पांढरा दाणा चांगल्या दिवशी, काळा वाईट दिवशी. वुलानला नेलं तोवरचे नऊ महिने आम्ही दोघींनी दाणे मांडले. काळे सगळे एकाच जागी साचले, दर पोनच्या आधी. मी म्हटलं, "बघा, जन्मदिवसाचा भार." त्यांनी पेन्सिलने सुईपासून अठ्ठावीस मोजून रेघ मारली. प्रत्येक महिन्यात काळे दाणे रेघेच्या पलीकडे होते, अलीकडे दोनच.

"बू दिरा," त्या म्हणाल्या, "हे पोनचं भूत नाही. सात दिवसांचं आहे."

मी तिथेच दाणे गोळा करत बसले. त्या थांबल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं ते तुला सांगते, माझी बाजू म्हणून नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही लिहून ठेवलं नसतं तर डॉक्टरांनी औषध वाढवलं असतं आणि हा दिवसभर लाळ गाळत बसला असता. आता तेवढंच औषध पुरेल. आणि तेवढंच पुरलं.

या वेळी वेगळं काय ते असं. सुई गुरुवारी, दर अठ्ठावीस दिवसांनी, बाजार कोणताही असो. कॅलेंडरवर लाल गोल मी आणि कांग दोघं मिळून करतो. बसने जातो. झोपेची वही आता तो स्वतः लिहितो. दोन रात्री झोप कमी लागली तर बाईंना कळवायचं, वाट बघायची नाही. केंद्राच्या ओसरीत महिन्यातून एकदा अशा घरांतली माणसं जमतात, आजारीही आणि आमच्यासारखीही. पहिल्यांदा मी तिथे एक शब्द बोलले नाही, आता चहा मीच करते. चौदा बदकं पाळली आहेत. शुक्रवारी गामेलानच्या सरावाला जातो. पहिल्या दिवशी ढोल त्याच्याकडे सरकवताना म्हातारा कार्सो म्हणाला, "इतके महिने आराम केलास, आता हात चालव." सगळे हसले आणि मग वाजवायलाच लागले.

तो पूर्ण बरा झाला असं मी लिहिणार नाही, आता खोटं लिहायचं नाही. बाबा अजून कधी कधी हाक मारतात. मी विचारलं, मग तू काय करतोस? तो म्हणाला, "मी सांगतो, बाबा, आज पाहिंग नाही. पाहिंग असला तर सांगतो, बाजार मोडला, घरी या."

हजारावा २९ जुलैला. सुई १७ जुलैला. म्हणजे बारावा दिवस, दाणे मांडले तेव्हा कुठल्याच बाराव्या दिवशी काळा दाणा नव्हता. बू कुस्तिया त्या दिवशी आपेम खायला येणार आहेत. वुलानला तू क्षणभरही नजरेआड करू नकोस, कांगनेच तसं सांगायला सांगितलं आहे. तू धाकट्या चुलतीकडे उतरलीस तरी चालेल. त्या आठ नोंदींचे शहाण्णव हजार मी डब्यात वेगळे ठेवले होते, त्यांना हात लावायची हिंमत झाली नाही. ते आज मनीऑर्डरने पाठवले आहेत. ते बसचेच पैसे आहेत. वुलानच्या अर्ध्या तिकिटाला पुरतील.

खांबाचं सांगायचं राहिलं. सोडवल्यावर आमचे हे तो जाळायला निघाले होते. कांगने जाळू दिला नाही. दोन्ही फाकी त्याने पुन्हा जोडल्या, भोकाच्या जागी फणसाचाच तुकडा बसवून घासला, आणि खांब स्वयंपाकघराच्या दारात उभा केला. आपल्या खुणा दिसतात. तू पाच वर्षांची, मी नऊची, तो बाराचा. तुझ्या खुणेवरून तुकडा गेला आहे, तिथे त्याने पुन्हा कोरली, अंदाजाने नाही, माझ्याकडून दोनदा मोजून घेऊन. तिच्याशेजारी एक जागा त्याने तासून मोकळी ठेवली आहे. परवा मला म्हणाला, "यू, वुलान आता आठची. केवढी झाली असेल?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. तो म्हणाला, "मुरला विचार. यायचं नसेल तर दोरा पाठव म्हणावं. टाचेपासून डोक्यापर्यंत, गाठ मारून."

तेव्हा मुर, एवढं कर. तिला भिंतीला उभी करून दोरा घे आणि पाकिटात घालून पाठव. आणि येणार असाल तर दोरा नको, फक्त बसची तारीख लिही. दोन्हींपैकी जे असेल ते उलट टपाली कळव, पोस्टमन आपल्या पाड्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

तुझी यू,
ङादिरा